नर्सिंग-पॅरामेडिकलला प्रवेश घेण्याआधी: मान्यता कशी तपासायची

गेल्या जूनमध्ये आमच्या गल्लीतली एक मुलगी आईला घेऊन घरी आली. हातात प्लास्टिकची फाइल आणि तीत लॅमिनेशन करून ठेवलेलं प्रमाणपत्र. कोपऱ्यात सोनेरी गोल शिक्का, त्याशेजारी चमकणारा होलोग्राम. वर ठळक अक्षरांत 'शासनमान्य', तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एका ट्रस्टचा नोंदणी क्रमांक. कोर्सचं नाव 'डिप्लोमा इन नर्सिंग', मुदत दोन वर्षं. ही दोन वर्षं तिने एका खासगी दवाखान्यात रात्रपाळ्या करत काढली होती. हात चांगला बसला होता. सलाईन लावायला शीर शोधताना ती कशी बोलते, पेशंटला कसा धीर देते, हे मी स्वतः पाहिलं होतं.

जिल्हा परिषदेची जाहिरात निघाली, तिने अर्ज भरायला घेतला आणि 'परिषदेचा नोंदणी क्रमांक' या रकान्यापाशी अडली. संस्थेत विचारलं तर म्हणाले, खासगीत लागत नाही. म्हणून माझ्याकडे आली. "मॅडम, नोंदणी कुठे करायची तेवढं सांगा."

तिची नोंदणी कुठेच होणार नव्हती. तिने जे केलं तो कोर्स कोणत्याही परिषदेच्या यादीत नव्हता. हे सांगताना माझीच जीभ अडखळली. आई शेवटी एवढंच म्हणाली, "आम्ही फीची पावती मागितली होती, मान्यतेचा कागद मागायचं सुचलंच नाही."

मी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून आणि नंतर ट्यूटर म्हणून काम केलं. दर वर्षी बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीचे पालक विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. महाराष्ट्रातल्या मुलामुलींना समोर ठेवून लिहिलंय. नर्सिंगचं जास्त आहे, कारण मला ते आतून माहीत आहे. बाकी कोर्सेसचं कामापुरतं.

पायरी १: चौकशी शेवटून सुरू करा

बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो फीचा. मग होस्टेल, मग 'पोरीला नोकरी लागेल ना'. तुम्ही सर्वांत आधी हे विचारा: कोर्स संपल्यावर माझं नाव कोणत्या परिषदेत नोंदलं जाणार?

आरोग्यक्षेत्रातली बरीचशी कामं नोंदणीवर चालतात. कॉलेज प्रमाणपत्र देतं, पण परिचारिका म्हणून किंवा फार्मासिस्ट म्हणून काम करण्याचा हक्क परिषद देते. सरकारी भरतीत हा क्रमांक मागतात, चांगली खासगी रुग्णालयं मागतात, आणि परदेशी जायचं तर पहिल्याच टप्प्यावर मागतात.

नर्सिंगसाठी आपल्या राज्यात महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे, १९६६ च्या राज्य कायद्याखालची. आपण सगळे तिला 'कौन्सिल'च म्हणतो. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषद आहे, १९४७ च्या कायद्याने झालेली. अभ्यासक्रम, शिक्षक, रुग्णालय यांचे किमान निकष तीच ठरवत आली. हा जुना कायदा बदलून राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग आणायचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे, त्यामुळे पुढे कागदांवर नवं नाव दिसलं तर गोंधळू नका. औषधनिर्माणाला १९४८ चा फार्मसी कायदा आहे, त्याखाली देशाची आणि राज्याची अशा दोन परिषदा. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची राज्यात वेगळी परिषद आहे. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस अशा टेक्निशियनच्या कामांसाठी महाराष्ट्र परावैद्यक परिषद आहे.

परिषदेच्या जोडीला लगेच दुसरा प्रश्न टाका: शेवटची परीक्षा कोण घेतं? एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) किंवा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) असेल तर महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. बीएस्सी नर्सिंग असेल तर विद्यापीठ, म्हणजे बहुतेक ठिकाणी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जे १९९८ पासून आहे. 'परीक्षा आमचीच असते, काळजी करू नका' असं उत्तर आलं तर पाणी पिऊन उठा. पुढची चौकशी करायची गरज नाही.

पायरी २: कोर्सचं नाव आणि मुदत बोटावर मोजा

फसवणूक बहुतेक वेळा नावातच असते. नर्सिंगमध्ये प्रवेशाच्या पातळीवर तीनच नावं खरी आहेत. एएनएम दोन वर्षांचं आणि फक्त मुलींसाठी, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. 'डिप्लोमा इन नर्सिंग', 'अॅडव्हान्स नर्सिंग केअर', 'नर्सिंग असिस्टंट डिप्लोमा' ही नावं कानाला तशीच लागतात, पण त्यांची कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही.

रुग्णसेवकाचं काम शिकवणारे काही महिन्यांचे कोर्स असतात, त्यांना 'जीडीए' म्हणतात. कौशल्यविकासाच्या चौकटीतले हे कोर्स रीतसर आहेत. पेशंटला अंघोळ घालणं, कूस बदलणं, खाऊ घालणं, आजारी म्हाताऱ्या माणसाची घरी देखभाल करणं हे त्यात शिकवतात. या कामाला मान आहे आणि मागणीही आहे. घरची परिस्थिती तीन वर्षं थांबू देत नसेल तर हा कोर्स जरूर करा. फक्त तो करून आपण नर्स होत नाही, हे आधी समजून घ्या. इंजेक्शन देणं हे त्या प्रमाणपत्राचं काम नाही, मग दवाखान्यात कोणी कितीही आग्रह केला तरी. चूक झाली की सही करणारे डॉक्टर बाजूला होतात आणि पोरगी सापडते.

टेक्निशियनच्या कोर्सेसचं मोजमाप आता सोपं झालंय. २०२१ मध्ये संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात व्याख्येतच लिहिलंय की संबद्ध आरोग्य व्यावसायिक (टेक्निशियन वगैरे) म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं शिक्षण हवं, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेलं. आरोग्यसेवा व्यावसायिकाला (थेरपिस्ट वगैरे) किमान ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. म्हणजे 'सहा महिन्यांत डीएमएलटी' (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), 'एका वर्षात ओटी टेक्निशियन', 'शनिवार-रविवार बॅच' या जाहिराती कायद्याच्या पहिल्याच ओळीला अडतात. तासांचा हिशोब विचारा. वर्गात किती, लॅबमध्ये किती, रुग्णालयात किती. खरं कॉलेज वेळापत्रक काढून पुढ्यात ठेवतं.

बारावी सायन्स असेल तर बीपीएमटी हा आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम डोळ्यांसमोर ठेवा. तीन वर्षं आणि त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही तो चालतो. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, हृदयविकार विभाग अशा शाखा असतात. का कोण जाणे, गावाकडे हा कोर्स फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि मुलं कोपऱ्यावरच्या 'पॅरामेडिकल अकॅडमी'त पैसे भरून मोकळी होतात.

डीएमएलटीला जाणाऱ्यांना 'स्वतःची लॅब टाका' असं स्वप्न हमखास दाखवतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते. टेक्निशियनने एकट्याच्या सहीने रिपोर्ट देणं चालत नाही. ही गोष्ट प्रवेशाच्या दिवशी सांगणारी संस्था भेटली तर मी तिला निम्मे गुण तिथेच देईन.

पायरी ३: 'मान्यता' हा शब्द उलगडून घ्या

माहितीपत्रकावर मान्यता हा शब्द दहा वेळा येतो. प्रत्येक वेळी विचारा: कोणाची, कशाला, कोणत्या वर्षाची?

ट्रस्टचा नोंदणी क्रमांक म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे संस्थेची नोंद झालीय, बस. असाच ट्रस्ट गणेश मंडळही काढतं. उद्यम नोंदणी म्हणजे धंद्याची नोंद. आयएसओ म्हणजे कार्यालयाचं कामकाज ठरल्या पद्धतीने चालतं याचा दाखला, तो कापड दुकानालाही मिळतो. यातल्या कशानेही नर्स तयार करायचा अधिकार मिळत नाही.

आणखी तीन नावं ऐकू येतील, ती चांगली आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. 'नॅक' ही १९९४ पासूनची बंगळुरूची संस्था महाविद्यालयांना श्रेणी देते. 'एनएबीएच' रुग्णालयाच्या दर्जाचं मानांकन देते, 'एनएबीएल' प्रयोगशाळेच्या. कॉलेजच्या जोडीच्या रुग्णालयाला एनएबीएच असेल तर आनंदच आहे, तिथे हात धुण्यापासून औषधाच्या नोंदीपर्यंत शिस्त दिसते. पण त्याने कोर्सची मान्यता सिद्ध होत नाही. घराला रंग छान दिलाय म्हणून सातबारा तपासायचं आपण सोडत नाही, तसंच हे.

आता प्रत्यक्ष तपासणी. संस्थेने दाखवलेली झेरॉक्स बाजूला ठेवा आणि तीन याद्या स्वतः मोबाइलवर उघडा. भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार, कोर्सवार संस्थांची यादी असते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे राज्यातल्या संस्थांची असते. आणि परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाची किंवा मंडळाची संलग्न संस्थांची यादी असते. तिन्हींत संस्थेचं पूर्ण नाव, गाव आणि कोर्स जुळला पाहिजे. नाव अक्षरशः जुळवून पाहा. मूळ नामांकित संस्थेच्या नावात एखादा शब्द इकडचा तिकडे करून काढलेल्या संस्था असतात, घाईत डोळा फसतो.

पालकांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट पुढे आहे. मान्यता ठरावीक कोर्सला असते आणि ठरावीक जागांना असते. एकाच इमारतीत जीएनएम रीतसर चालतं आणि वरच्या मजल्यावर त्याच पाटीखाली दुसराच कोर्स बिनमान्यतेचा चालतो, असं होतं. पाटी खरी असते, म्हणून कोणाला शंका येत नाही. तसंच मान्यता ४० जागांची आणि प्रवेश ५५ जणांना, असं झालं तर वरचे पंधरा परीक्षेच्या अर्जाच्या वेळी लटकतात. म्हणून यादीत जागा किती आहेत ते पाहा आणि वर्गात नाव कितव्या क्रमांकावर चढलंय तेही विचारा. यादी चालू शैक्षणिक वर्षाची हवी. मागच्या वर्षीची मान्यता या वर्षी असेलच असं नाही. 'फाइल गेलीय, पुढच्या महिन्यात लेटर येतं' या वाक्यावर एक रुपयाही भरू नका.

यादी बघूनही मन खात्री देत नसेल तर परिषदेला ईमेल करा: अमुक संस्था, अमुक गाव, अमुक कोर्स, या वर्षी मान्यता आहे का आणि किती जागांना? उत्तर लेखी घ्या. उशीर लागला तरी चालेल, दोन वर्षं जाण्यापेक्षा दोन आठवडे गेलेले बरे.

विद्यापीठाच्या नावाची शंका असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची बनावट विद्यापीठांची यादी बघा, ती आयोग स्वतः प्रसिद्ध करतो. 'घरबसल्या नर्सिंग' असं कोणी म्हणालं तर चर्चा तिथेच संपवा. पेशंटच्या खाटेजवळ उभं न राहता हे काम शिकता येत नाही.

पायरी ४: रुग्णालय स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

याद्या जुळल्या म्हणजे अर्धं काम झालं. मान्यता असूनही शिक्षण पोकळ असू शकतं. ते कागदावर कळत नाही, तिथे जाऊनच कळतं.

बीएस्सी नर्सिंगच्या कॉलेजला जोडीचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं. दर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असं प्रमाण परिषदेने घालून दिलंय. खाटा नुसत्या मांडलेल्या नकोत, त्यांवर पेशंट हवेत.

संस्था स्वतःहून 'कॅम्पस व्हिजिट'ला बोलावते तो दिवस टाळा. साधा मंगळवार किंवा बुधवार पकडा आणि सकाळी आठच्या सुमाराला जा. त्या वेळी रात्रपाळी जाते, दिवसपाळी येते, वॉर्डात हँडओव्हर चालू असतो. युनिफॉर्ममधल्या स्टुडंट त्या घोळक्यात उभ्या आहेत का, वहीत लिहून घेतायत का, ते दुरूनही दिसतं. ओपीडीसमोर केसपेपरची रांग आहे का? बाळंतीण विभागातून रडण्याचा आवाज येतोय का? सगळ्या खाटांवर ताणून बसवलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरी आणि एकही माणूस नाही, असं दिसलं तर तिथे मुलगी तीन वर्षं कोणावर शिकणार?

प्राचार्यांशी बोला, पण स्टुडंटशी नक्की बोला. कँटीनमध्ये, गेटपाशी, कुठेही. मोठे प्रश्न नकोत. आज पोस्टिंग कुठे आहे? एका पेशंटवर तुम्ही किती जणी असता? केसबुकवर सही कोण करतं, ट्यूटर तेव्हा वॉर्डात असतात का? मानसिक आरोग्याची आणि सामुदायिक आरोग्याची पोस्टिंग कुठे होते, प्राथमिक आरोग्य केंद्रात खरंच नेतात का? मुली खरं सांगतात. एकदा एका मुलीने मला सांगितलं होतं, "मॅडम, प्रसूतीच्या केसेस आम्ही एकमेकींच्या वहीतून उतरवतो." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तिला वाटत होतं सगळीकडे असंच असतं.

मग प्रात्यक्षिकाची खोली, म्हणजे नर्सिंग लॅब दाखवायला सांगा. तिथे सरावाचा पुतळा असतो आणि इंजेक्शनच्या सरावासाठी रबरी हात. पुतळ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नसेल तर तो फक्त तपासणीसाठी आणलाय. रबरी हात उलटा करून कोपराची खळगी बघा. सुया टोचून टोचून तिथलं रबर काळवंडलेलं, भोकाभोकांचं झालेलं असेल तर त्या कॉलेजात मुली शिकतायत. नव्या कोऱ्या, गुळगुळीत हातापेक्षा मला तो खराब झालेला हात जास्त भरवसा देतो.

एक्स-रेच्या कोर्सला जाणार असाल तर वेगळं बघा. यंत्र चालवणाऱ्याची पात्रता आणि यंत्राचा परवाना हे मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत येतं. काम करणाऱ्यांच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज लावलेला दिसतो का? तो नसेल तर तिथे तुमच्या शरीराची काळजी कोणी घेणार नाही. लॅबच्या कोर्सला दिवसाला किती नमुने येतात आणि विद्यार्थी स्वतः किती रक्त काढतात ते विचारा. डी. फार्मला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, दोन वर्षांनंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं, ते कुठे होतं ते विचारा.

माझं स्पष्ट मत सांगते, पटलं तर घ्या. गर्दीच्या जिल्हा रुग्णालयातलं किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातलं जीएनएम हे रिकाम्या रुग्णालयाच्या बीएस्सीपेक्षा चांगलं. मुंबईत जे. जे., केईएम, नायर, शीव, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळी, इथे शिकलेली मुलगी कुठेही उभी राहते, कारण तिने सगळं पाहिलेलं असतं. ससूनचं नाव घेतलं की रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाची आठवण होते. शंभर वर्षांपूर्वी, बायकांनी परक्या पुरुषाची सेवा करायची हेच लोकांना सहन होत नव्हतं, तेव्हा तिथून बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जात.

पायरी ५: प्रवेश कोणत्या दाराने, पैसे कोणत्या पावतीने

बीएस्सी नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा असते. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं आणि परिषदेच्या निकषाप्रमाणे ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजीसह ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं. फिजिओथेरपीला आपल्या राज्यात 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. प्रवेशप्रक्रियेचे तपशील दर वर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका काढून वाचा. दादा-ताईंच्या वेळचा अनुभव इथे कामाला येत नाही.

'सीईटी-बीईटीची भानगड नको, मी डायरेक्ट करून देतो' म्हणणारा एजंट प्रत्येक तालुक्यात असतो. त्याच्या दाराने गेलात तर मान्यतेचा धोका आहेच, शिवाय फीसवलतही हातची जाते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या आणि संस्थास्तरावरच्या प्रवेशाला ही माफी नाही, खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. एका कॅप राउंडचा कंटाळा केला म्हणून चार वर्षांची फी भरत बसलेली घरं मी पाहिलीत. बाकी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह भत्त्याचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतात. कॉलेजला विचारा, मागच्या वर्षी तुमच्या किती विद्यार्थ्यांचे अर्ज मंजूर झाले?

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, कॉलेजनिहाय आकडा त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. तो छापून घेऊन जा. त्याहून जास्त मागितले तर कशाचे ते लेखी मागा. डोनेशन, म्हणजे कॅपिटेशन फी, आपल्या राज्यात १९८७ च्या कायद्याने बंद आहे. प्रत्येक रुपयाची पावती संस्थेच्या नावाची हवी. एजंटच्या फोनवर पाठवलेल्या पैशाचा नंतर कोणी वाली नसतो.

दोन गोष्टी सही करण्याआधी. पहिली, दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका आणि टीसी. पडताळणीसाठी दाखवा आणि जे ठेवून घेतील त्याची पोच घ्या. फसल्यावर बाहेर पडायला हीच कागदं लागतात, आणि तीच अडकवून ठेवलेली असतात. दुसरी, बॉण्ड. काही रुग्णालयं शिकवून झाल्यावर वर्ष-दोन वर्षं तिथेच नोकरीची अट घालतात. अट वाईटच असते असं नाही, नव्या मुलीला अनुभव मिळतो. पण पगार किती, मध्येच सोडलं तर किती भरायचे, हे आकड्यांत लिहिलेलं नसेल तर सही नको.

परराज्यात नेणारे एजंटही आहेत, विदर्भ-मराठवाड्यातून मुलं भरभरून नेतात. तिकडची कॉलेजं सरसकट वाईट नाहीत. पण नोंदणी आधी त्या राज्याच्या परिषदेत होणार, मग तिचं ना हरकत पत्र घेऊन इथे यावं लागणार. म्हणून जाण्याआधी महाराष्ट्राच्या परिषदेलाच लेखी विचारा, या कॉलेजच्या मुलांची नोंदणी तुम्ही करता का?

पायरी ६: पुढे कुठे जायचंय ते थोडं आधीच ठरवा

जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेला एएनएम आणि नोंदणी लागते. एम्सच्या भरतीत, नागपूरच्या एम्ससकट, बीएस्सी थेट बसते, जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तेव्हा जीएनएमनंतरची पहिली नोकरी दहा खाटांच्या दवाखान्यात धरली तर तो अनुभव इथे मोजला जात नाही.

आखाती देशांत कागदपत्रांची पडताळणी थेट मूळ संस्थेकडे आणि परिषदेकडे विचारून होते, तिथे सोनेरी शिक्का चालत नाही. जर्मनीचं सध्या घरोघरी बोललं जातं, २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करारही केला. तिथे जर्मन भाषा लागते आणि आपल्या शिक्षणाची तिकडे मान्यता तपासली जाते. भाषेचा क्लास नंतरही लावता येतो. पाया चुकला तर तो नंतर भरता येत नाही.

मुलांसाठी एक शब्द: जीएनएम आणि बीएस्सी तुम्हालाही खुलं आहे. वॉर्डात, कॅज्युअल्टीत, ऑपरेशन थिएटरात ब्रदर लागतात. लोक काय म्हणतील म्हणून मागे राहू नका.

आधीच अडकला असाल तर

आधी कोर्सचं नाव घेऊन परिषदेकडून लेखी उत्तर मिळवा, ऐकीव माहितीवर वर्ग सोडू नका. उत्तर 'नाही' आलं तर पुढचा हप्ता थांबवा. पावत्या, जाहिरातीची पत्रकं, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, सगळ्याचे फोटो काढून दुसऱ्याच्या फोनवरही ठेवा. मूळ कागदपत्रं लेखी अर्ज करून परत मागा आणि अर्जावर पोच घ्या. तक्रार परिषदेकडे करा, पोलिसांत फसवणुकीची करा, आणि एकट्याने करू नका. वर्गातल्या पाच-सात पालकांनी मिळून सही केलेला अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जातो.

आणि लाज बाळगून गप्प बसू नका. गल्लीतल्या त्या मुलीने सहा महिने कोणाला काही सांगितलं नव्हतं, तेवढ्यात त्याच संस्थेत तिच्या मावसबहिणीचा प्रवेश झाला होता. तो रद्द करून घेतला. गल्लीतल्या मुलीकडे बारावीला ५८ टक्के होते, वय बसत होतं. याद्या आम्ही माझ्या ओट्यावर बसून तिघींनी मिळून तपासल्या, नावं अक्षरागणिक जुळवली, एकदा बसने जाऊन रुग्णालय पाहून आलो. जीएनएमच्या पहिल्या वर्षात आहे आता. परवा फोन आला होता: "मॅडम, इथल्या रबरी हाताला भोकंच भोकं आहेत."